थंड पाण्याची तयारी मराठवाड्यात: लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी दहा महिने

पाणी १५ अंशांचं होतं. शर्यतीचा भोंगा वाजला, मी तळ्यात उडी घेतली आणि पुढची दोन मिनिटं मला नीट श्वास सोडताच आला नाही. आत घेतलेला श्वास बाहेर पडायच्या आत दुसरा घेतला जात होता. तोंड पाण्यात घालावं तर छाती आवळून यायची. त्याआधी वर्षभर मी तयारी केली होती. वेरूळच्या चढावर सायकल, जालना रस्त्यावर धावणं, तरणतलावात न थांबता चार किलोमीटर, सगळं झालं होतं. हातपाय तयार होते, पण थंड पाण्यात श्वास कसा वागतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुरक्षेसाठी फिरणाऱ्या छोट्या होडीला धरून राहिलो, श्वास जागेवर आला तेव्हा पुढे निघालो. होडीला धरून थांबायला नियमाची आडकाठी नसते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नसतं. हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरचं वर्ष मी मराठवाड्यातच राहून थंड पाण्याची तयारी केली. आपल्याकडे ते जमतं. त्याची वेळ मात्र ठरलेली आहे, ती हुकली तर वर्ष जातं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पल्ला समजून घ्या

पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं असतं, तेही एकापाठोपाठ एक. हा पल्ला १९७८ साली हवाई बेटांवर ठरला. तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडल्या, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आज बहुतेक ठिकाणी सगळ्याला मिळून १७ तास मिळतात आणि पोहणं २ तास २० मिनिटांत संपवावं लागतं. वेळेचा हिशोब इथेच कळतो: पोहण्यात अडकलात तर सायकलला हात लावायलाही मिळत नाही.

अर्ध्या पल्ल्याचं अंतर १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. गोव्यात २०१९ पासून अशी शर्यत झाली आहे, पण तिथला समुद्र कोमट असतो. पहिला अनुभव घ्यायला उत्तम, थंडीच्या सरावाला उपयोगाचा नाही. उत्तर युरोपातल्या तळ्यांत भर उन्हाळ्यातही पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपास मिळू शकतं. नॉर्वेतल्या नॉर्समन या शर्यतीत तर मोठ्या बोटीतून थेट फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, उडी मारून सुरुवात होते.

माझं स्पष्ट मत आहे की पूर्ण पल्ला आणि थंड पाणी या दोन्ही गोष्टी आयुष्यात पहिल्यांदाच एका दिवशी करू नयेत. आधी अर्धा पल्ला करा.

थंड पाणी शरीराला काय करतं

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. पण पोहणाऱ्याचा पहिला घात उष्णता कमी होण्याने होत नाही. तो त्वचेला बसलेल्या धक्क्याने होतो. थंड पाणी अंगाला लागताच आपोआप मोठा आचका येतो, मग श्वास भराभर चालतो, नाडी आणि रक्तदाब चढतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळ्यात जोरात असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. त्या आचक्याच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट श्वासनलिकेत जातं. चांगले पोहणारे काठापासून दहा हातांवर बुडतात ते असेच.

दुसरी अवस्था हातापायांची. दहा-पंधरा मिनिटांनी बोटं फाकायला लागतात, ती मिटता येत नाहीत, हात पाणी ओढेनासा होतो. वेटसूट, म्हणजे ऊब देणारा पोहण्याचा घट्ट पोशाख, असेल तर हे बरंच लांबतं. तिसरी अवस्था शरीर आतून गार होण्याची. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. कापरं, अडखळतं बोलणं, विचारलेल्याला उलटसुलट उत्तरं ही त्याची सुरुवात. कापरं अचानक थांबून माणूस गप्प झाला तर ती सुधारणा समजू नका, धोका वाढलेला असतो.

चौथी गोष्ट माहीत नसल्याने घोटाळा होतो. पाण्यातून बाहेर आल्यावरही दहा ते तीस मिनिटं आतलं तापमान खालीच जात राहतं. बाहेर आल्यावर हसत उभा असलेला माणूस पंधरा मिनिटांनी थरथरायला लागतो तो यामुळे.

म्हणून पाण्याला हात लावण्याआधी डॉक्टरांकडे जा. ईसीजी आणि रक्तदाब तपासून घ्या. दमा असेल, थंडीत बोटं पांढरीफटक पडत असतील, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते आधी सांगा. थंड पाण्याचा धक्का हृदयाला धावायला लावतो आणि चेहरा पाण्यात गेला की शरीर त्याच हृदयाला सावकाश चाल म्हणतं. या ओढाताणीत ठोके बिघडू शकतात. निरोगी माणसाला सहसा ते कळतही नाही, पण आधीच काही दोष असलेल्याला ते महागात पडतं.

वर्षाची मांडणी: शर्यत जुलैत धरली तर

आपली अडचण अशी की युरोपातली शर्यत जुलै-ऑगस्टमध्ये आणि आपली थंडी डिसेंबर-जानेवारीत. परभणीचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी येते तेव्हा शर्यतीला सहा महिने बाकी असतात. मग त्या थंडीचा उपयोग काय?

उपयोग आहे. पाच-सहा वेळा, दरवेळी दोन-तीन मिनिटं, मानेपर्यंत थंड पाण्यात बसलं की श्वासाचा तो आचका जवळपास निम्म्यावर येतो, असं या विषयातल्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. ही सवय बऱ्याच अंशी पुढे कित्येक महिने अंगात राहते. म्हणजे हिवाळ्यात कमावलेलं जुलैत वापरता येतं, मध्ये थोडी उजळणी केली की झालं. माझी सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर पाया घालण्यात जातात: आठवड्याला सात-आठ तास, सगळं सावकाश. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पोहण्याला आणि थंडीला पहिला मान. मार्च ते मे सायकल आणि धावणं. जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात जड, तिथून शर्यतीपर्यंत उतरतं माप. दर चौथा आठवडा हलका ठेवायचा, तो गाळायचा नाही.

गच्चीवरची टाकी

सुरुवात धरणात करू नका, गच्चीवर करा. उघड्या तोंडाची, बसल्यावर खांदे बुडतील एवढी प्लास्टिकची टाकी घ्या. माझ्या टाकीत २०० लिटर पाणी मावतं. डिसेंबरमध्ये संध्याकाळी भरून रात्रभर उघडी ठेवली की निरभ्र रात्री पाणी आपोआप उतरतं. संभाजीनगरात माझ्या गच्चीवर सकाळी सहाला ते १४ ते १६ अंशांवर यायचं. पाण्यात बुडवता येणारा साधा थर्मामीटर घ्या आणि रोजचा आकडा वहीत लिहा. ‘आज लई गार होतं’ यावरून पुढचा सराव ठरवता येत नाही.

पहिल्या दिवशी पाणी २० अंशांच्या आसपासचं असू द्या. आधी हात, मग मानेमागे आणि चेहऱ्यावर पाणी मारा. बसताना श्वास सोडत बसा. धरून ठेवू नका. मग एकच काम: श्वास सोडणं लांबवायचं. दोन मोजत घ्या, चार मोजत सोडा, ओठ गोल करून, दिवा विझवताना फुंकतो तसा. श्वास ताब्यात आला की घड्याळ बघा. पहिल्या दिवशी मला पावणेदोन मिनिटं लागली होती, सहाव्या दिवशी चाळीस सेकंदांत नाडी शांत झाली. हाच आकडा तुमची प्रगती सांगतो. किती वेळ बसलात याला फार किंमत नाही. तीन मिनिटं झाली की उठा. दहा-दहा मिनिटं कुडकुडत बसून मिळतं काहीच नाही आणि दिवसभराचा सराव वाया जातो.

दोन आठवड्यांत सहा वेळा, २० वरून १५ अंशांपर्यंत. जवळ घरातलं कुणीतरी हवंच. माझी आई रोज स्टूल घेऊन शेजारी बसायची. सुरुवातीला तिला हे अजिबात पटलं नव्हतं, पुढे तीच घड्याळ धरायला लागली.

एप्रिल-मे महिन्यांत उजळणीसाठी बर्फ लागतो. हिशोब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवतो. वितळून झालेलं गार पाणीही थोडी उष्णता ओढतं, म्हणून २०० लिटर पाणी ३० अंशांवरून १५ वर आणायला सुमारे ३२ किलो बर्फ पुरतो. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणा, पोत्यात गुंडाळून फोडा. महिन्यातून दोनदा पुरे.

याच टाकीत आणखी एक सराव करा. हात कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं ठेवा आणि लगेच हेल्मेटचं बक्कल लावा, मोजे चढवा, खाऊच्या पुडीचं तोंड फाडा. बधिर बोटांनी बक्कल लागत नाही तेव्हा माणूस किती हतबल होतो ते घरीच अनुभवलेलं बरं.

उघडं पाणी: कुठे उतरावं, कुठे नाही

आपल्यातले बरेच जण विहिरीत शिकले, पाठीला वाळका भोपळा किंवा डबा बांधून. विहिरीने पाण्याची भीती जाते, पण ती थंडीच्या सरावाला चालत नाही. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं, म्हणून तर हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यातून वाफा निघताना दिसतात.

शेततळ्यात मात्र कधीच उतरू नका. हे मी हात जोडून सांगतो. तळाला आणि उतारावर अंथरलेलं प्लास्टिक शेवाळाने इतकं निसरडं होतं की चांगल्या पोहणाऱ्यालाही कड चढता येत नाही. दोर नसेल तर तो तिथेच दमतो. मराठवाड्यात शेततळी वाढली तशा या दुर्घटनाही गावोगाव ऐकू येतात.

राहतात तलाव आणि धरणं. पैठणचा नाथसागर मोठा आहे, पण तो पक्षी अभयारण्य आहे. मनाला येईल तिथे उतरण्याची ती जागा नव्हे. कुठलंही धरण असो, पाटबंधारे खात्याची, आणि अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. मी गावाजवळच्या एका मोठ्या तलावावर ग्रामपंचायतीला आणि मासेमारी करणाऱ्यांना सांगून सराव केला. तिथले एक भोईमामा थर्माकोलच्या तराफ्यावरून माझ्याबरोबर यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “दादा, वारं सुटायच्या आत भायेर यायचं. अन् बाभळीच्या अंगाला जायचंच नाही.”

त्यांच्या दोन वाक्यांत बहुतेक सगळं आलं. सकाळी पाणी आरशासारखं असतं, ऊन चढलं की वारा येतो आणि उथळ, पसरट जलाशयात लाटा फार लवकर उठतात. पाणी चढतं तेव्हा काठच्या बाभळी बुडतात, त्यांचे काटे आणि फांद्या पाण्याखाली दिसत नाहीत. मासेमारीची जाळी संध्याकाळी लावून सकाळी काढतात, म्हणजे नेमकी आपल्या वेळेला ती पाण्यात असतात. शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप आणि विजेच्या केबली काठाला असतात, त्यांच्यापासून लांब राहा. काळ्या मातीच्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून उतरायला खडकाळ किंवा मुरमाड जागा शोधा. सांडवा, दरवाजे आणि कालव्याचं तोंड यांच्या आसपास जाऊच नका. कालव्यात तर मुळीच पोहू नका.

भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधून मागे तरंगणारा हवेचा फुगा ही सक्तीची वस्तू समजा. एकट्याने कधीही उतरू नका, कितीही वर्षांचा सराव असला तरी. काठावर एक माणूस, पाण्यात एक होडी किंवा तराफा, आणि त्यावर ट्यूब व दोर.

माझ्या तलावाचं पाणी सकाळी सातला नोव्हेंबरात २४ अंश भरलं, जानेवारीच्या कडाक्यात १९. युरोपातल्या तळ्याएवढं गार नाही, पण टाकीत श्वास शिकलेला माणूस इथे लांब पोहायला शिकतो. काठाला समांतर पोहा, आत सरळ जाऊ नका. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवत फेब्रुवारीपर्यंत सव्वा तास. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर आणून समोरची खूण बघा. देवळाचा कळस, पाण्याची टाकी, उंच झाड, काहीही चालेल. मान पूर्ण वर काढली की कंबर बुडते आणि वेग मरतो. दोन्ही बाजूंनी श्वास घेता यायलाच हवा. एका बाजूने लाटा आल्या की ते समजतं. थंड पाणी कानात गेल्याने चक्कर येते, त्यासाठी मेणाचे बोळे बरे पडतात.

पोहताना अचानक खोकला, श्वासाला घरघर किंवा थुंकीला गुलाबी फेस आला तर तो दम लागलेला नसतो, फुफ्फुसात पाणी साचायला लागलेलं असतं. ताबडतोब बाहेर या आणि दवाखाना गाठा.

बाहेर आल्यावर आधी ओले कपडे काढा, अंग टिपा आणि वरून खाली कपडे चढवा: कानटोपी, स्वेटर, मग बाकीचं. गोधडी पांघरा. थर्मासमधला गोड चहा घोट-घोट प्या. गरम पाण्याने आंघोळ लगेच करू नका, चक्कर येऊन पडाल. शेकोटीला अगदी खेटून बसू नका आणि अर्धा तास गाडी चालवू नका.

वेटसूट

वेटसूट म्हणजे निओप्रीनचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख. तो ऊब देतो आणि तरंगवतोही. जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. पाणी किती अंशांखाली असलं की तो सक्तीचा आणि किती वर गेलं की बंद, हे स्पर्धेच्या नियमावलीतून वहीत उतरवून घ्या. कोरडा असताना तो गुदमरवतो असं वाटेल इतका घट्ट हवा, पण पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. नखं कापून, पायात प्लास्टिकची पिशवी घालून चढवा, म्हणजे फाटत नाही. मानेला व्हॅसलिन लावलं नाही तर तासाभरात सालटं निघतं. आपल्याकडे तो घालून लांब पोहणं फक्त डिसेंबर-जानेवारीतच शक्य आहे. २७-२८ अंशांच्या पाण्यात त्यात अंग तापतं, डोकं दुखायला लागतं. वाळवताना सावलीत उलटा करून. आपल्या उन्हात एका मोसमात तो कडक होऊन तडकेल.

सायकल आणि धावणं

यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे फक्त आपल्या भागापुरतं सांगतो. सपाट लांब पल्ल्यासाठी धुळे–सोलापूर महामार्गाची कडेची पट्टी, चढासाठी दौलताबाद–खुलदाबाद–म्हैसमाळ, बीडकडच्यांना मांजरसुंब्याचा घाट. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे. नोव्हेंबर ते मार्च साखर कारखान्यांचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटे मागच्या दिव्यांशिवाय उभे असतात. या महिन्यांत उजाडल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.

एप्रिल-मेमध्ये उलटं: साडेचारला निघा, नऊच्या आत घरी. लांब फेरी ८० किलोमीटरपासून सुरू करून जूनपर्यंत १५० ते १६०. लांब धाव २८ ते ३० किलोमीटरच्या पुढे नेऊ नका, दुखापतीचा धोका वाढतो आणि हाती काही लागत नाही. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच अर्धा तास धावा. पाय लाकडासारखे वाटतात, ते त्यांना शिकवावं लागतं. एकूण वेळ सर्वांत जड आठवड्यात १४ तासांपर्यंत. त्यातला बहुतेक भाग बोलता येईल इतक्याच वेगाने.

खाणं

सायकलवर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं लागतात. महागड्या पुड्या आणायलाच हव्यात असं नाही. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं आणि दोन्ही आतड्यात वेगवेगळ्या वाटेने शोषले जातात, म्हणून ती जास्त प्रमाणातही पचते. माझी बाटली अशी: ७५० मिली पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. तासाला एक बाटली. सोबत केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. भाकरी रोजच्या जेवणात उत्तम, पण शर्यतीआधीचे दोन दिवस ज्वारी, डाळी आणि पालेभाज्या बाजूला ठेवून भात, बटाटा, गूळ-पोळी खा. चोथा कमी झाला की पोट साथ देतं. जे खाणार ते सरावात महिनाभर खाऊन बघितलेलंच असलं पाहिजे.

शेवटचा आठवडा आणि ती सकाळ

पाच-सहा दिवस आधी पोहोचा. युरोपात बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा घड्याळ साडेतीन तास मागे असतं, ते दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, आयोजकांनी ठरवलेल्या वेळेत त्याच तळ्यात उतरा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, नंतर दहा, मग वीस. एवढ्यात हिवाळ्यात गच्चीवर कमावलेली सवय परत जागी होते. माझ्या दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी श्वास तीस सेकंदांत स्थिर झाला, तेव्हाच मला रात्री झोप लागली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे अडीच-तीन तास आधी खा. पाण्याकडे निघेपर्यंत स्वेटर आणि जुनी चप्पल अंगा-पायात राहू द्या, गारठून रांगेत उभे राहू नका. रबरी टोपी एकावर एक दोन घाला. परवानगी असेल तर आधीच पाण्यात जाऊन चेहरा, मान, हात भिजवा आणि वेटसूटची मान ओढून आत थोडं पाणी घ्या. ते अंगाच्या उबेने लगेच कोमट होतं. गर्दीच्या कडेला, मागच्या बाजूला उभे राहा. भोंगा वाजल्यावर पहिले शंभर हात मोजत पोहा, श्वास पाण्यात पूर्ण सोडत. बिघडला तर पाठीवर व्हा, आकाश बघा, दोन मोजत घ्या, चार मोजत सोडा. एक मिनिट गेलं तरी ३.८ किलोमीटरमध्ये ते भरून निघतं. खरंच नको वाटलं तर हात वर करा, होडी येते.

बाहेर येताना उभे राहिल्यावर चक्कर येईल, दहा पावलं चालत जा. तंबूत बसूनच कपडे बदला. कोरडा बनियन, वारा अडवणारं जाकीट, हातमोजे, आणि हेल्मेट आधी डोक्यावर, बक्कल लागल्याशिवाय सायकल जागेवरून काढायची नाही, हा नियमच आहे. बोटं मिटत नसतील तर हात काखेत धरून वीस मोजा आणि मग बक्कल लावा. पहिले वीस किलोमीटर हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवा. पंधराव्या मिनिटाला पहिला घोट, अर्ध्या तासाला पहिला लाडू. जाकीट ऊन अंगावर येईपर्यंत काढू नका.